मजुरी : निरंक

आमच्या घराण्याचा काचेच्या धंद्याशी जुना संबंध आहे. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. टिळकांचा पाठिंबा आहे म्हटल्यावर आमच्या पणजोबांनीही पैसा दिला. पुढच्या वर्षी वर्गणीवाले दारात आले, तेव्हा पणजोबांनी आधी मागच्या पैशाचा हिशेब विचारला, अशी आठवण घरात सांगतात. त्यानंतर आमच्याकडून या धंद्यात भांडवल गेलेलं नाही. हिशेब विचारण्याचा वारसा मात्र चालू राहिला, आणि मी उभी नोकरी ऑडिट खात्यात काढली.

ऑडिटमधल्या माणसाला जगातली सगळी कामं येतात. म्हणजे करता येतात असं नव्हे. ती किती रुपयांत व्हायला हवी होती, ते येतं. मी कधी रस्ता बांधला नाही, पण खडीचा थर कुठे कमी पडला हे कागदावरून सांगून भल्याभल्या अभियंत्यांना घाम फोडला आहे. विहीर खणली नाही, पण मोजमापवहीत जास्त खणलेला फूट शोधून काढला आहे. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये, अशी माझी इच्छा होती. घरच्यांना विचारलं नव्हतं.

साताऱ्यात सदरबझारला आमचं वडिलांनी बांधलेलं घर आहे. माडीच्या खिडक्यांना बाहेरून गज आणि आत उघडणाऱ्या सागवानी झडपा. एकेका झडपेला दोन तावदानं. खिडकीसमोर शेजारच्या आबांचं परसू आणि त्यात एक रायवळ आंबा. मे महिन्यातल्या एका दुपारी गल्लीतल्या पोरांनी त्या आंब्यावरच्या कैरीला दगड मारला. कैरीला काही झालं नाही. दगड दोन गजांच्या बरोबर मधून आला आणि खालचं तावदान फोडून माडीतल्या जुन्या फायलींवर विसावला. असा नेम धरून मारायचा म्हटलं असता तर जमला नसता.

जबाबदारी निश्चित केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा खात्याचा नियम. मी ओट्यावरच सुनावणी घेतली. पोरांचं म्हणणं, नेम कैरीचाच होता, हवं तर कैरीला विचारा. आबांचं म्हणणं, ती फांदी तुमच्या हद्दीत आलीय, म्हणजे कैरी तुमची, म्हणजे पोरांनी तुमच्याच मालावर दगड मारला. यात माझा संबंध कुठे येतो? हा मुद्दा इतका बिनतोड होता की मी प्रकरण दप्तरी दाखल करून टाकलं. संध्याकाळी पोरांनी नुकसानभरपाई म्हणून पिशवीभर कैऱ्या आणून दिल्या. त्या आबांच्या झाडाच्या त्या भागातल्या होत्या जो आबांच्याच हद्दीत येतो, हे लोणचं घातल्यावर समजलं.

मग मिस्त्री आला. त्याने खिडकीकडे दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "काच धरून साडेआठशे."

"किती वेळाचं काम?"

"अर्धा तास."

"नुसती काच कितीची?"

"आसंल तीनशेची."

मी पेन काढलं. अर्ध्या तासाला साडेपाचशे, म्हणजे आठ तासांचे आठ हजार आठशे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन लाख अठ्ठावीस हजार आठशे. एवढा पगार आमच्या सर्वांत मोठ्या साहेबांनाही नव्हता, आणि त्यांना गाडी नसती तर ते चालतही गेले नसते. हे गणित मी मिस्त्रीला मोठ्याने करून दाखवलं. त्याने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, पर तेवढं काम कोन देतंय?"

"राहू दे," मी म्हटलं. "मी स्वतः बसवतो."

आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, तुमचा फोन नंबर तेवढा देऊन ठेवा."

स्वतः काम करायचं तर आधी हत्यारं लागतात. हातोडी आबांकडून आली. पटाशी समोरच्यांकडे होती. पक्कड आमची स्वतःची होती, पण ती कोणाकडे आहे हे शोधायला दोन घरं हिंडावं लागलं. हातमोजे चिरंजीवांचे, मोटारसायकलवरचे. ते जाड असल्यामुळे हाताला काच लागत नाही. काच काय, काहीच लागत नाही, त्यामुळे हातात हातोडी आहे की पटाशी, हे पाहूनच ठरवावं लागतं.

पहिलं काम फुटलेले तुकडे काढायचं. आबा खुर्ची घेऊन माडीवरच आले. त्यांची तरुणपणची वर्षं मुंबईत गिरणीत गेली, त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयातलं मुंबईचं ठाऊक असतं. "आधी पट्ट्या चिकटवा," ते म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत आमच्या चाळीतल्या सगळ्या काचांवर कागदाच्या पट्ट्या होत्या. बॉम्ब पडला तरी तुकडे उडू नयेत म्हणून. वर काळा कागद. एक फट राहिली तर वॉर्डन खालून बोंबलायचा." बॉम्ब पडला नाही, पण ब्लॅकआउटमध्ये आबांचं लग्न कसं ठरलं ही हकिगत मला पट्ट्या चिकटवून होईपर्यंत ऐकावी लागली. सल्ला मात्र सोळा आणे खरा होता. चिकटपट्टी लावलेले तुकडे एकमेकांना धरून राहतात. आणि काढायला सुरुवात वरून करायची. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा सुटतो आणि थेट मनगटावर येतो.

काच निघाली, तिच्याभोवतीची लांबी निघेना. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा. काचेभोवतीची फट त्याने बुजवतात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होत जातं. वडिलांच्या हयातीत भरलेली ती लांबी इतकी वर्षं ऑक्सिजन घेत बसली होती. मी पटाशी लावून हातोडी मारली की लांबी जागेवर आणि सागवानाची कपची बाहेर. नीट टेकायला मिळावं म्हणून मी उघड्या झडपेवर कोपर ठेवून सगळा भार टाकला, तेव्हा जरा सुधारणा झाली. कपच्या लहान निघू लागल्या. शेवटी मी हे काम त्या दगड मारणाऱ्या पोरांना शिक्षा म्हणून दिलं. त्यांनी जुन्या पेचकसांनी ते अत्यंत आनंदाने केलं. घरच्यांच्या परवानगीने दुसऱ्याची खिडकी उकरायला मिळणं रोज घडत नाही.

पोरांचं उकरणं चालू होतं, तेवढ्यात काच आणून ठेवावी असा मी विचार केला. माप हवं होतं. फुटलेल्या तावदानाच्या खाचेत अजून लांबी होती आणि पोरांची बोटंही होती. तेव्हा मी शेजारच्या झडपेचं अभंग तावदान मोजलं. ऑडिटमध्ये याला नमुना तपासणी म्हणतात. हजार पावत्यांपैकी पन्नास पाहायच्या आणि हजारांबद्दल मत द्यायचं. या पद्धतीवर महाराष्ट्रातल्या कित्येक संस्थांचे ताळेबंद उभे आहेत. रुंदी भरली पंधरा इंच एक सूत, उंची वीस इंच सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारापासून काचवाल्यापर्यंत सगळे अजून सुतातच बोलतात. मिलिमीटर फक्त जाडीसाठी.

ही जाडीची बाब दुकानात गेल्यावर कळली. मोती चौकाजवळच्या त्या दुकानदाराने विचारलं, "तीनची देऊ का चारची?"

"एकच हवी आहे," मी म्हटलं.

"मिलिमीटर, साहेब."

त्याच्या वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक औंसात मागायचं: चोवीस औंसाची, बत्तीस औंसाची. म्हणजे एक चौरस फूट काचेचं वजन. चोवीस औंस ती आताची तीन मिलिमीटर, बत्तीस ती चार. गल्लीतली पोरं आणि झाडावर शिल्लक असलेल्या कैऱ्या लक्षात घेऊन मी चारची घेतली. बिल झालं अठरा बाय एकवीसचं.

"माझं माप पंधरा इंच एक सूत आहे," मी आक्षेप नोंदवला.

"काचेचं माप पुढच्या तीन इंचांच्या पटीत धरतात. पंधरावर एक सूत गेलं की अठरा."

"म्हणजे एका सुतासाठी तीन इंचांचे पैसे?"

"उरलेली पट्टी देतो ना तुम्हाला. न्या."

तिचं काय करायचं हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पैसे दिलेली वस्तू सोडायची नाही. मग त्याने काच टेबलावर घातली, कटरचं इवलंसं चाक रॉकेलमध्ये बुडवलं, पट्टी धरली आणि वरून खालपर्यंत एकच रेघ ओढली. चर्र असा एकसलग आवाज झाला. रेघ टेबलाच्या काठावर आणून त्याने हलकासा दाब दिला, आणि काचेचे दोन भाग झाले. पापणी लवायलाही वेळ मिळाला नाही. एवढं सोपं काम पाहिलं की माणसाच्या मनात त्या धंद्याबद्दल आदर राहत नाही.

"हे कटर कितीला?" मी विचारलं.

त्याने ते लगेच बांधून दिलं. देताना म्हणाला, "दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं."

काच आडवी नेत नाहीत, उभी नेतात. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकते. म्हणून समोरच्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला स्कूटरवर मागे बसवलं होतं, त्याने दोन किलोची ती काच मांडीवर उभी धरली. पोवई नाक्यावर एरवी कोणी कोणाला वाट देत नाही. त्या दिवशी एसटीनेसुद्धा दिली. पोराच्या परीक्षेचा त्या दिवशी एक पेपर होता, हे मला घरी पोचल्यावर त्याच्या आईने सांगितलं.

काच खिडकीला लावून पाहिली. उंचीला बसली. रुंदीला दोन सूत जास्त.

घरातलं जे जे तिरकं असेल ते ते कोयनेच्या नावावर खर्ची टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी पाळण्यात होतो आणि मी झोपलोच होतो असं आई सांगायची. जिन्याची एक पायरी उंच आहे, देवघराचं दार आपोआप उघडतं, मागची भिंत गुण्यात नाही, सगळं कोयनेमुळे. तेव्हा दोन झडपांच्या मापात दोन सुतांचा फरक कोयनेमुळे पडला, हे मी जागच्या जागी ठरवलं. नमुना तपासणीत दोष नव्हता. भूकंपाने सगळ्या झडपा सारख्या हलवायला हव्या होत्या.

आता फक्त दोन सुतं कापायची होती, आणि कटर तर घरात होतं. पुण्याहून चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला. ते इंजिनिअर आहेत. "फक्त बघ," मी म्हटलं, आणि हिने फोन धरला. मी रेघ ओढली. दुकानात ऐकलेला एकसलग चर्र आवाज आला नाही, अधूनमधून आला. राहिलेल्या ठिकाणी आवाज यावा म्हणून मी त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवलं, मग जोर देऊन आणखी. रेघ चांगली ठसठशीत झाली. टेबलाच्या काठावर आणून मी दाब दिला. काचेने माझी रेघ अर्ध्यापर्यंत मान्य केली आणि पुढे स्वतःच्या मताने डावीकडे वळली.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "त्या चाकाने काच कापली जातच नाही. ते वर एक बारीक चीर पाडतं, आणि वाकवली की ती चीर आतून पळते. त्याच रेघेवर पुन्हा फिरवलं की बाजूला शंभर बारक्या चिरा पडतात, मग काच कुठूनही फुटते. ग्रिफिथने १९२१ मध्येच लिहून ठेवलंय, काच इतक्या सहज फुटते ती तिच्या अंगावरच्या बारीक दोषांमुळे. शिवाय चार मिलिमीटरच्या काचेची सहा मिलिमीटरची पट्टी हाताने मोडत नाही. पकडायलाच जागा नसते तिला."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, फक्त बघ."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी मी भरली होती. तिचा काही परतावा मिळाला तो हा, आणि तोही काच फुटल्यावर. दुकानदाराने दिलेल्या त्या पट्टीवर आधी सराव करता आला असता, असंही चिरंजीव म्हणाले. ती पट्टी मी कपाटावर जपून ठेवली होती. पैसे दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर गेलो तर ही जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन खिडकीशी उभी. पुठ्ठा खाचेत धरून तिने पेन्सिलीने कडा उमटवल्या, कात्रीने कापला, पुन्हा लावून पाहिला, एका कोपऱ्यात अगदी किंचित छाटला आणि मग चारी बाजूंनी एकेक सूत कमी केलं.

"हे कमी कशाला?" मी विचारलं.

"ब्लाउज अंगाबरोबर बेतला तर हात वर करता येत नाही," ती म्हणाली. "आणि पावसाळ्यात लाकूड फुगेल, तेव्हा काच कुठे जाईल?"

पुठ्ठ्याच्या चारी कडा वेगवेगळ्या भरत होत्या. ज्याला मी आयत समजत होतो त्या आकाराला भूमितीत नाव असेल, पण शाळेत शिकवत नाहीत. दुकानात मी तो पुठ्ठा ठेवला. दुकानदाराने माप घेतलं: रुंदी कुठेच पंधरा इंचांच्या वर जात नव्हती. म्हणजे बिल पंधरा बाय एकवीसचं. पंधराच्या आत राहिल्याने चांगला सहावा हिस्सा वाचला, हे मी तिथेच काढलं. दुकानदार पुठ्ठा उलटसुलट करून पाहत होता.

"हे माप कुठल्या मिस्त्रीने काढलं?"

"घरचंच आहे," मी म्हटलं. वाक्यात खोटं काही नव्हतं.

आता लांबी. तयार लांबी दुकानात मिळते; पण स्वतः करायचं म्हटल्यावर सगळं स्वतः, म्हणून मी खडूची पूड आणि जवसाचं तेल आणलं आणि परातीत मळायला घेतलं. तेल घातलं की ओघळायचं, पूड घातली की भुगा व्हायचा. परातीतला माल वाढत वाढत तीन खिडक्यांना पुरेल एवढा झाला, तेव्हा हिने परात ओढून घेतली. "सरका. पुरणपोळीची कणीक नाही ही, पुरीची आहे. घट्ट हवी." तिने चार दाब दिले आणि गोळा परातीपासून सुटून आला.

खाचेत आधी लांबीची पातळ गादी घालायची, तिच्यावर काच दाबून बसवायची, मग बारीक चुका मारून काच अडकवायची आणि वरून लांबीचा उतार द्यायचा, म्हणजे पाणी थांबत नाही. गादी हिने घातली. काच मी दाबली. मधोमध दाबायला निघालो होतो, पण आबा खुर्चीतून ओरडले म्हणून कडेला दाबली. चुकांच्या वेळी आबांनी मला एक विद्या दिली आणि ती मी इथे फुकट देतो. काचेवर एक पुठ्ठा ठेवायचा आणि हातोडी उचलायचीच नाही. ती पुठ्ठ्यावर आडवी ठेवून नुसती सरकवत चुकेवर आपटायची. हातोडी उचलली की ती कुठे उतरेल हे सांगता येत नाही; सरकवली की काचेला समांतरच जाते. मी बोलणं ऐकलं, कारण ही शेजारी फोन घेऊन उभी होती आणि फोनमध्ये मिस्त्रीचा नंबर उघडलेला होता. चुका बसल्या. काच टिकली. वरचा लांबीचा उतार हिने सुरीने ओढला, कोपऱ्यांत नेमका पंचेचाळीस अंशांचा. उरलेल्या लांबीचा पोरांनी गणपती केला, उंदीर केला, आणि उंदराला बॅट दिली.

संध्याकाळी मी नव्या काचेतून बाहेर पाहिलं. वडिलांच्या वेळची काच वितळलेल्या रसातून वर ओढून काढलेली असायची, त्यामुळे तिच्यात लाटा असत. पुढे इंग्लंडात पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगवून सपाट काच काढली आणि १९५९ साली ती पद्धत जगापुढे आणली. आता दुकानात मिळते ती हीच. आबांच्या परसातली भिंत जुन्या काचेतून मला कायम पोट सुटलेली दिसायची आणि मी ते काचेवर ढकलायचो. नव्या काचेतून पाहिली. भिंतीला खरोखरच पोट आहे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "कोयना."

एवढ्या हिशेबात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी खात्याच्या भाषेत नोंदवून ठेवतो. मिस्त्री एकटा आला असता आणि अर्ध्या तासात गेला असता. मी स्वतः करतो म्हणालो, तर आबांची दुपारची झोप, कॉलेजच्या पोराचा पेपर, चिरंजीवांची ऑफिसातली मीटिंग, गल्लीतल्या यच्चयावत मुलांची सुट्टी आणि हिची स्वयंपाकघरातली सगळी कामं त्या एका तावदानाला लागली. परावलंबी माणसाला एक माणूस पुरतो. स्वावलंबनाला गल्ली लागते.

मृगाचा पहिला पाऊस आला तो वाऱ्यासकट. मी माडीवर धावलो. काचेतून थेंबही आत आला नाही. पाणी येत होतं ते झडपेच्या बाजूने, कारण झडप मिटतच नव्हती. खालचा कोपरा चौकटीच्या उंबऱ्यावर घासून अडकला होता. मी ढकललं, आबांनी बाहेरून सूचना दिल्या, पाणी फायलींपर्यंत पोचलं. मागे वळून पाहिलं तर ही फोनवर बोलत होती. "हो भाऊ, तेच घर. हो, तेच."

मिस्त्री भिजत आला. त्याने झडप दोन बोटांनी वर उचलून पाहिली.

"बिजागरीचे स्क्रू ढिले झाल्यात. ह्या झडपेवर कुनी भार टाकला व्हता का?"

आबा, पोरं आणि ही, सगळे माझ्या कोपराकडे पाहू लागले.

मिस्त्रीने स्क्रू काढले, भोकांत काड्यापेटीच्या काड्या मोडून घातल्या, स्क्रू पुन्हा पिळले. खालच्या कडेवरून रंधा फिरवला. झडप बोटाच्या धक्क्याने मिटली. मी विषय बदलण्यासाठी म्हटलं, "चौकट भूकंपात तिरकी झालीय, त्यामुळे."

त्याने गुण्या लावला. "भूकंप न्हवं, सायेब. हे मूळचंच हाय. ज्यानं केलं त्यानं डोळ्यानंच केलंय." अशा रीतीने कोयनेच्या खात्यावरची आमच्या घरची पहिली रक्कम परत फिरवावी लागली, आणि आता जिन्याच्या पायरीचं काय करायचं हा प्रश्न उभा आहे.

हत्यारं पिशवीत भरता भरता तो थांबला. नव्या तावदानावर वाकला. लांबीच्या उतारावरून त्याने अंगठा न टेकवता फिरवला, कोपरा पाहिला, दुसरा कोपरा पाहिला.

"ही लांबी कुनी भरली?"

मी घसा साफ केला. "घरचंच काम आहे."

"ते दिसतंय. पर भरली कुनी?"

पोरांनी हिच्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने टोपी काढून झटकली. "वैनी, राग मानू नका. आमच्याकडं असा हात ऱ्हायला न्हाई. पोरं आता नळीतलं सिलिकॉन दाबत्यात आन् मोकळी व्हत्यात. कोरेगावला एका जुन्या वाड्याचं काम घेतलंय, चव्वेचाळीस तावदानं हायेत. तुमाला सवड असली तर सांगा. रोज ठरवू."

रोज किती, असं मी विचारलं. त्याने आकडा सांगितला. मी पेन काढलं, महिन्याचे सव्वीस दिवस धरले आणि पेन परत खिशात ठेवलं. तो माझ्या पेन्शनपेक्षा जास्त होता.

मिस्त्रीने स्वतःचे दोनशे घेतले. रात्री मी खर्चाची वही काढून प्रकरण बंद करायला बसलो. काच, पहिली. काच, दुसरी. कटर. जवसाचं तेल. खडूची पूड, सगळी. मिस्त्री, किरकोळ दुरुस्ती. बेरीज साडेआठशेच्या किती पुढे गेली, हा आकडा अंतर्गत आहे. शेवटच्या रकान्यात मी, जे सिद्ध करण्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ते ठळक अक्षरांत लिहिलं : मजुरी, निरंक.

सकाळी वही उघडली तर त्या ओळीला लाल पेनाने गोल केलेला होता आणि समासात ओळखीच्या अक्षरात शेरा होता : 'आक्षेप. चार दिवसांची मजुरी, कुशल दराने, देय. खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

उभी नोकरी मी लोकांकडून खुलासे मागवले; लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण घाबरायचं कारण नाही. हा खुलासा मी स्वतःच लिहिणार आहे. आबांनी मसुदा सांगायचं कबूल केलंय, टायपिंग समोरच्यांचा कॉलेजातला पोरगा करेल, चिरंजीव पुण्याहून तपासून देतील. आता फक्त ती सही करेल अशी भाषा ज्याला येते असा एखादा अनुभवी नवरा गल्लीत सापडला की झालं.